वैद्यकीयदृष्ट्या बसत नाही

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

नाही म्हणालो.

लिहूनच ठेवतो. नाहीतर आठवड्याभरात मीच स्वतःला काहीतरी वेगळं सांगायला लागेन.

भाऊंचं यकृत संपलंय. आमचे वडील म्हणजे आयुष्यात बिअरचा घोट न घेतलेला माणूस, तरी सिरॉसिस! आता जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा बसवायचा, दुसरा उपाय नाही. आईला डायबेटिस, ती बाद. उरलो मी आणि धाकटी दीप्ती. दोघांचे रक्तगट जुळले, स्कॅन झाले. मग एकेकट्याशी बोलणं. दीप्तीचं काल झालं. माझं आज.

डॉ. चेतना वर्तकांनी दार लावून घेतलं. "यज्ञेश, तुमचं यकृत उत्तम आहे. आता मी फक्त तुम्हाला विचारते. बाहेर आई बसलीये ते विसरा. मनापासून द्यायचंय?"

"हो," म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थांबल्या.

मग मी विचारलं — मरायची शक्यता किती? दोन-तीनशेंत एक, म्हणाल्या. झालं! तो एक मीच, हे मी तिथल्या तिथे धरून टाकलं. शर्ट पाठीला चिकटला. "नाही," म्हणालो. "मला नाही जमणार."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "ठीक आहे. हे या खोलीबाहेर जाणार नाही. घरच्यांना आम्ही एवढंच सांगू, की तुम्ही वैद्यकीयदृष्ट्या बसत नाही. पुष्कळांच्या बाबतीत असं करावं लागतं."

पुष्कळांच्या! म्हणजे माझ्या भित्रेपणात विशेष असंसुद्धा काही नाही.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"कळवतील."

१३ नोव्हेंबर, बुधवार

अस्मिताचा फोन. 'पंपघर'चा तिसरा भाग कधी देतोस? संपादक म्हणून तिचंही बरोबर आहे — जूनपासून थांबलीये. वाचकांची एकवीस पत्रं पाठवली तिने. सगळी आठवी-नववी-दहावीची पोरं.

"सर, शेवंतीमुळे मी परत धावायला लागले."

"सर, मला भीती वाटली की मी स्वतःला विचारतो, शेवंतीने काय केलं असतं?"

शेवंती सोळा वर्षांची. माझ्या कादंबरीत समुद्र वर आलाय, मुंबई बुडालीये, उपनगरांची बेटं झालीत. शहराच्या पोटातले पंप माणसं हातांनी फिरवतात म्हणून वरची घरं कोरडी राहतात. दर वर्षी एका इमारतीतून एकाने खाली जायचं. खालची हवा विषारी. शेवंती आपण होऊन जाते. लोक तीन महिन्यांत मोडतात, ती दोन वर्षं टिकते.

हे सगळं मी लिहिलं. मुलुंडच्या घरात, पंख्याखाली बसून. सातव्या प्रकरणात शेवंती म्हणते, "जो जाऊ शकतो, त्याने जायचं." पोरं ते वाक्य वह्यांवर लिहितात.

पत्रं ड्रॉवरमध्ये टाकली. एकालाही उत्तर नाही दिलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

हॉस्पिटलने कळवलं. प्रत्यारोपणाचं सगळं बघणारे हर्षद म्हणून गृहस्थ आहेत, त्यांनी आम्हाला सगळ्यांना समोर बसवून सांगितलं — "यज्ञेश यांच्या यकृतातल्या रक्तवाहिन्यांची रचना वेगळी आहे. ते बसत नाहीत. दीप्ती यांचा निर्णय एक-दोन दिवसांत सांगू."

किती सफाईने बोलला! मलाच क्षणभर खरं वाटलं.

दीप्ती माझ्याकडे बघत राहिली.  आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नको हो. शिराच तशा असतील तर तू काय करणार?"

भाऊ पिवळे झालेत, डोळेसुद्धा. तरी मलाच धीर देत होते. "अरे, तू तयार झालास ना, त्यातच आलं सगळं."

त्यातच आलं सगळं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दीप्ती देणार. ३ डिसेंबर ठरली.

१७ नोव्हेंबर, रविवार

दीप्ती, तिचा नवरा देवदत्त आणि लेक जुई आले होते बोरिवलीहून. जुई सव्वातीन वर्षांची. ऑपरेशननंतर तीन महिने दीप्तीने काही जड उचलायचं नाही. जुई चौदा किलो.

म्हणून घरात एक खेळ सुरू झालाय. 'मम्मा खुर्चीत, जुई स्टुलावर.' जुईने स्टुलावर चढायचं आणि तिथून मम्माच्या गळ्यात हात टाकायचे, पाय स्टुलावरच. आजपासून सराव. दोनदा केलं तिने, तिसऱ्यांदा भोकाड पसरलं — "कडेवर! कडेवर!" दीप्ती म्हणाली, "अजून सोळा दिवस आहेत, घेते," आणि उचलून घेतलं. मग जेवेपर्यंत खाली ठेवलंच नाही.

देवदत्त माझ्याशी गॅलरीत बोलला. चांगला माणूस आहे. "मी दिलं असतं हो," म्हणाला. "पण रक्ताच्या नात्यातलं नाही म्हणून परवानग्यांची भानगड, आणि वर माझा रक्तगटच जुळत नाही." माझ्याकडे संशयाने बघितलं असतं तर मी बहुतेक तिथेच सगळं ओकलो असतो. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुमचीही तीच गत. समजू शकतो."

२१ नोव्हेंबर

अजून वेळ आहे. डॉ. वर्तकांना फोन करून सांगता येईल — चुकलो, मी देतो. नंबर काढला. दोनदा.

२२ नोव्हेंबर

नाही केला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

भाऊंजवळ बसायची पाळी माझी होती. पोटात पाणी झालंय, पाय सुजलेत. औषधाने आज जरा शुद्धीत होते, मधे दोन दिवस आईला "बाई" म्हणून हाक मारत होते.

"शेवंतीचं काय केलंस?" म्हणाले.

भाऊ ड्राफ्ट्समन होते. पहिल्या भागातला बुडालेल्या शहराचा नकाशा त्यांनीच काढलाय, ट्रेसिंग पेपरवर, हाताने. घाटकोपर पाण्याखाली दाखवताना खूप वाईट वाटलं होतं त्यांना — आत्या राहते ना तिथे! शेवटी आत्याच्या इमारतीची गच्ची तेवढी वर ठेवली.

म्हटलं, "अजून ठरत नाहीये. अस्मिता म्हणते, शेवंती मेली पाहिजे. त्याशिवाय वाचक रडणार नाहीत."

"मेली की लोक रडतात आणि मोकळे होतात," म्हणाले. थोडा वेळ डोळे मिटून पडले. मग — "दीप्तीला लहानपणी इंजेक्शनची किती भीती वाटायची रे. दवाखान्याच्या पायरीवरूनच पळायची. तू धरून आणायचास."

हो. मीच धरून आणायचो.

३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी साडेसहाला दीप्तीला आत नेलं. हिरवा गाऊन, केसांवर टोपी, चप्पल नाही. देवदत्तने कपाळावर ओठ टेकले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, जुईला आज पाळणाघरात नको पाठवू. सासूबाईंकडे राहू दे." एवढंच. हात थंडगार होता. भाऊंना सव्वाआठला नेलं.

खाली बाकावर आई, मी, देवदत्त. आई जप करत होती, मधेच विसरून "कोथिंबीर फ्रीजबाहेर राहिली" म्हणाली. मी चार वेळा चहा आणला. कुणी प्यायलं नाही. मी तर माणसं मोजत होतो, आत जाणारी, बाहेर येणारी. माझ्या जागी ती आहे, हे वाक्य डोक्यात फिरत होतं. जागा माझी होती. मी उठलो, ती बसली.

दुपारी अडीचला दीप्ती बाहेर. संध्याकाळी सहाला भाऊ. दोघंही ठीक.

आई मला मिठी मारून रडली. मला!

५ डिसेंबर

काचेतून बघितलं. दीप्तीला उठवून बसवलं होतं. हातात ते तीन गोळ्यांचं खेळणं, श्वास ओढला की गोळी वर जाते. एकच गोळी वर जात होती तिची, तीही अर्धी. ओठ पांढरे. नर्स म्हणाली, "अजून एकदा." तिने अजून एकदा ओढला. मग अजून एकदा. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ओढत होती.

शेवंतीच्या चिकाटीवर मी चाळीस पानं लिहिलीत. त्यात एकही गोळी नाही.

११ डिसेंबर, बुधवार

दीप्तीला घरी सोडलं. भाऊ अजून आत, पण डोळ्यांचा पिवळेपणा गेला! आरशात बघून म्हणाले, "मी पूर्वी असा गोरा होतो होय?"

खूप दिवसांनी हसलो. लगेच लाज वाटली.

१५ डिसेंबर, रविवार

दीप्तीला ताप. एकशे तीन. पोटात दुखतंय. देवदत्त तिला परत घेऊन आलाय. पित्त गळतंय म्हणतात, कापलेल्या जागेतून.

१६ डिसेंबर, सोमवार

बरगडीखालून नळी घातली. शुद्धीत होती ती तेव्हा. देवदत्त बाहेर भिंतीला टेकून उभा, मी जिन्यात. तिचा आवाज जिन्यापर्यंत आला.

डॉ. वर्तक जिन्यातच भेटल्या. हात जोडले मी. का, कोण जाणे. म्हणाल्या, "असं होतं काही जणांना. बरी होईल, वेळ लागेल." मी म्हटलं, "माझ्याऐवजी —"

त्यांनी पुढे बोलू दिलं नाही. "यज्ञेश, प्रत्येकाने आपापलं ठरवलंय. दुसऱ्याचं तुमच्या डोक्यावर घेऊ नका." आणि गेल्या. काय म्हणायचं होतं त्यांना कळलं नाही. उगाच समजूत घातली असणार.

१९ डिसेंबर

जुई माझ्याकडे. आज स्टूल घेऊन दारापाशी बसली होती. मम्मा येईल तेव्हा चढायला.

ही वही बंद करून कुठेतरी टाकून द्यावीशी वाटते.

२४ डिसेंबर, मंगळवार

दोघंही घरी! भाऊ परवा आले, दीप्ती आज, नळीसकट. नळी अजून तीन आठवडे. कमरेला पिशवी बांधून फिरते. म्हणाली, "माझी पर्स बघ, कुठल्याच साडीवर मॅच होत नाही."

इमारतीतल्या लोकांनी फुलं आणली. कुणीतरी म्हणालं, "लेखकाच्या घरात खरी शेवंती निघाली!" सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. दीप्ती हसली नाही. तोंड फिरवून म्हणाली, "असं नका ना म्हणू." लाजली असेल.

मी पेढे वाटत होतो.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

अस्मिताने आधीच कबूल केलेला शाळेतला कार्यक्रम. चेंबूरकडची शाळा. टाळणार होतो. विषय होता — 'चिकाटी आणि त्याग'. वाट लागली!

बोललो. बोलता येतं मला, तीच तर पंचाईत. शेवंती खाली कशी जाते, हवा कशी असते, पहिल्या दिवशी तिला उलटी कशी होते. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, असा वास आमच्या माहुलला रिफायनरीमुळे रोज येतो. सवय होते." पोरं खिदळली.  मी कधी माहुलला गेलेलोच नाही.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा परत तिचाच हात वर.

"सर, शेवंतीच्या घरात आणखी कोण कोण होतं?"

"आई, वडील, एक भाऊ."

"मग ते का नाही गेले?"

"कारण —" म्हटलं, "कारण शेवंती शूर होती."

ती उभीच होती. "नाही सर. ते गप्प बसले म्हणून तिला जावं लागलं."

बाईंनी तिला खाली बसवलं. आभार मानले, नारळ दिला. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

११ जानेवारी, शनिवार

पहिला भाग काढून बघितला. शेवंती जाते त्या प्रसंगात भावाबद्दल एकच वाक्य आहे — 'भाऊ खिडकीत उभा होता.' बास. दोन भाग, सहाशे पानं, तो परत कुठेही येत नाही. तीन वर्षं तिथेच उभा आहे. कुणी वाचकाने विचारलं नाही, संपादकाने विचारलं नाही, मीही नाही.

आज त्याच्याबद्दल लिहायला बसलो. त्याने पायात काय घातलं होतं इथपासून. सकाळपासून दुपारपर्यंत अकरा पानं झाली. इतकं सहज मी कधीच लिहिलं नव्हतं.

१४ जानेवारी

नळी काढली. भाऊ इमारतीला दोन फेऱ्या मारतात. दीप्तीचा तिळगूळ आला देवदत्तबरोबर, डब्यावर चिठ्ठी — "दादा, किती दिवस आला नाहीस. रागावलायस का?"

मी! रागावलोय!

२५ जानेवारी, शनिवार

गेलो बोरिवलीला. बस आरेतून गेली. मधेच उतरून परत फिरावं असं दोनदा वाटलं.

देवदत्त बाहेर गेला होता, जुई जेवून झोपलेली. दीप्ती जमिनीवर बसून मटार सोलत होती. बारीक झालीये, गळ्याची हाडं दिसतात. मी समोर बसलो, चार शेंगा सोलल्या आणि सांगितलं. सगळं. खोलीचं दार, पेन, दोन-तीनशेंत एक. माझ्या शिरा ठीक आहेत. माझं यकृत उत्तम आहे. मी नाही म्हणालो.

तिचे हात थांबले.

"कधी?"

"बारा नोव्हेंबर. तुझ्या दुसऱ्या दिवशी."

"आईला माहितीये?"

"नाही. कुणालाच नाही."

"मग मला का सांगितलंस?"

 एवढा रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो, याचं उत्तर कुठेच नव्हतं.

"हलकं व्हायला ना? झालास?"

"नाही," म्हटलं.

ती मटाराच्या ताटाकडे बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. ताट उचलून डोक्यात घातलं असतं तरी चाललं असतं. तिचा चेहरा मात्र रागावलेल्या माणसाचा नव्हता. घाबरल्यासारखा होता. मला कळेना.

आत जुई उठली, रडायला लागली. दीप्ती जमिनीला हात टेकून, एका अंगावर वळून उठली. मी हात पुढे केला, तिने धरला नाही.

"जा आता, दादा," म्हणाली. "मी करेन फोन."

२६ जानेवारी

फोन नाही.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी केला तिने. "मधे बोलू नकोस," म्हणाली.

अकरा नोव्हेंबरला, त्याच खोलीत, तीही नाही म्हणाली होती. जुईला सोडून त्या टेबलावर झोपवत नाही म्हणून. वर डॉक्टरांना म्हणाली, दोन दिवस थांबा, माझा भाऊ देईल, तो नक्की देणार, मग मी बसत नाही असं घरी सांगून टाका. आणि मग चौदा तारखेला हर्षदने सगळ्यांसमोर माझ्या शिरांचं सांगितलं. पंधराला ती एकटी परत गेली आणि हो म्हणाली.

"सगळे मला शूर म्हणतात ना दादा, तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटतं," म्हणाली. "तू हो म्हणाला असतास ना, तर परवा तुझ्या घरी मटार सोलत हेच सांगायला मी आले असते."